कूस बदलल्याचा तक्ता

साहेब, तुम्ही खोटं बोलताय. 'कुटुंबीय सेवेबद्दल समाधानी होते, सबब तक्रार निकाली' असं पत्र धाडून तुम्ही माझ्याच शब्दाचा बोळा माझ्या तोंडात कोंबलाय.

होय, वॉर्डातल्या शेऱ्यांच्या वहीत 'उत्तम' मीच लिहिलं, आई जायच्या दोन दिवस आधी. कशावरून? तिच्या खाटेला लटकवलेल्या तक्त्यावरून. दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायची आणि सही करायची. एकही रकाना रिकामा नव्हता. मी कारखान्यात फिटर. भरलेला तक्ता दिसला की माझा जीव भांड्यात पडतो.

ताईचा पडत नव्हता. "आई म्हणते, पाठ जळतेय."

"अगं, कूस बदलतात तिची. सह्या बघ ना!"

"सह्यांवर निजलीय का ती? जरा हात लाव, उचलून बघू."

"नको. सिस्टर चिडली तर राग आईवर निघेल."

तेवढ्यात आई पुटपुटली, "भांडू नका रे. फिटरसाहेबांनी पास केलंय मला."

आम्ही हसलो. पाठ बघायची राहिली ती राहिलीच.

गुरुवारी दुपारी सव्वाबाराला ती गेली. कपडे बदलायला ताईने तिला कुशीवर घेतलं आणि तशीच थांबली. कमरेखाली तळहाताएवढी जखम. आत हाड दिसत होतं. चादर सोडवून घ्यावी लागली.

मी तक्ता ओढला. दोनची सही होती. चारची होती. रात्री आठपर्यंतच्या होत्या. घड्याळात तेव्हा एकही वाजला नव्हता.

सिस्टरने मान खाली घातली. "दादा, चाळीस खाटांना आम्ही दोघी. सकाळीच भरून ठेवतो."

तिला कोणत्या तोंडाने बोलू? मशीनच्या तेलपाण्याचा आठवड्याचा तक्ता मीही सोमवारीच भरून मोकळा होतो. हे ठाऊक असलेला माणूस आईच्या खाटेशी मात्र सह्या मोजत बसला. ताई त्या दिवसापासून माझ्याशी बोललेली नाही. बरोबर आहे तिचं.

पण माझा गाढवपणा हा तुमचा पुरावा नाही. मला कळत नव्हतं म्हणून तर आईला तुमच्या हवाली केलं होतं. चाळीस खाटांना दोनच बायका कोणी नेमल्या? जिवंतपणी माझ्या आईची पाठ शेवटची कोणी बघितली, आणि कधी? समाधान-बिमाधान नको, 'सबब' तर नकोच. नाव आणि तारीख लिहून द्या.