साखराबाईच्या पदरात

मंजुश्री बाळंत होऊन चौथा महिना लागला होता आणि उमाबाईंना लातूरहून नांदेडला सुनेकडे येऊन पंधरा दिवस झाले होते. या पंधरा दिवसांत सून एकदाही आपणहून पाळण्याजवळ गेली नव्हती. पोरगी रडली की उमाबाई तिला उचलून सुनेच्या मांडीवर ठेवत. ती पाजायची आणि भिंतीकडे बघत बसायची. डोक्याला तेल नाही, ताटातली भाकरी तशीच. तिचा नवरा अमरेश बँकेतून आला की विचारायचा, "जेवलीस का?" ती मान हलवायची. त्याला वाटायचं, बाळंतपणाचा थकवा आहे, जाईल आपोआप.

उमाबाईंना तसं वाटत नव्हतं. का, ते मात्र त्या कुणाला सांगत नव्हत्या.

एका सकाळी त्यांनी पोरीला न्हाऊ घालायला पाणी काढलं. मंजुश्री मोरीच्या दाराशी येऊन उभी राहिली, आत काही येईना.

"आई, तुम्हीच घाला. माझ्या हातात नका देऊ तिला."

"का गं?"

"माझ्या हातांचा भरवसा नाही वाटत मला."

उमाबाईंच्या हातातला तांब्या तसाच राहिला. लस द्यायला आलेल्या नर्सबाईंनी मागेच एका मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता लिहून दिला होता. त्याच दुपारी त्यांनी अमरेशला बँकेतून बोलावून घेतलं आणि पोरीला घेऊन सगळे तिकडे गेले.

डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या, पण सावकाश बोलायच्या. झोप लागते का, भूक लागते का, मनात काय येतं, असं एकेक विचारत गेल्या. मंजुश्री गप्पच. मग उमाबाईच बोलायला लागल्या.

"झोप लागती, पर पहाटं डोळे उघडतेत ते मग मिटत न्हाईत. घास तोंडात फिरत राहतो, खाली उतरत न्हाई. लेकरू रडलं की वाटतं, दुसऱ्याच कुणाचं तरी रडायलंय. आन आपण नसलो तर त्याचं बरंच हुईल, असं बी वाटतं."

मंजुश्रीनं पहिल्यांदाच मान वर केली. यातलं अक्षर तिनं कुणाजवळ बोललेलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "हे तुम्हाला कसं कळलं, मावशी?"

"माझंच हाय हे, अमरेशच्या वेळंचं," उमाबाई म्हणाल्या.

ते भूकंपाचं साल होतं. लातूरला गंजगोलाईच्या बाजारात भांड्यांचं दुकान, वर राहतं घर, दोघा भावांचा एकत्र संसार. अमरेश दोन महिन्यांचा असताना धरणी हलली. उमाबाई बोलेनाशा झाल्या, जेवेनाशा झाल्या, तेव्हा घरातल्यांनी सरळ म्हटलं, भीती बसली. साऱ्या जिल्ह्यावरच आभाळ कोसळलं होतं. हिच्याकडे कोण बघत बसणार? मठातून भस्म आणलं, दंडाला ताईत बांधला, सलाईनच्या दोन बाटल्या लावल्या. हे सगळं भूकंपाच्या आधीपासून सुरू झालेलं होतं, ते एकट्या उमाबाईंना माहीत होतं. एका दुपारी त्या लेकराला घेऊन गच्चीवर गेल्या. तिथं मनात जे आलं ते त्यांनी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. तशाच खाली आल्या आणि अमरेशला थोरल्या जावेच्या, साखराबाईंच्या पदरात टाकून म्हणाल्या, "अक्का, तुमच्यापाशी ठेवा. माझ्याकडनं हुईना."

साखराबाईंनी ठेवून घेतलं. त्यांची तिन्ही लेकरं उमाबाईंना काकू म्हणायची, त्यांचं ऐकून अमरेशही काकू म्हणायला लागला आणि साखराबाईंना आई. पुढं दोन-तीन वर्षांत ते आजारपण विरळ झालं, पण पुरतं गेलं नाही. उमाबाई रांधत राहिल्या, सणवार करत राहिल्या. घरात म्हणायचे, उमाबाईला माया म्हणून नाही. त्यांनीही ते खरं धरलं होतं.

"तो आजार होता, मावशी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बाळंतपणानंतरचं नैराश्य. औषधानं बरा होतो."

"तवा बी होतं का औषध?"

"हो. होतं."



मंजुश्रीला गोळ्या लिहून मिळाल्या. गुण यायला तीन-चार आठवडे लागतील, ह्या गोळ्या घेऊन दूध पाजायला हरकत नाही, आणि बरं वाटलं तरी आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत, असं डॉक्टरीणबाईंनी दोनदा बजावलं. मग उमाबाईंनाही वेगळे प्रश्न विचारले आणि त्यांच्याही नावाची एक चिठ्ठी लिहिली.

संध्याकाळी अमरेशनं विचारलं, "काकू, त्या वेळी नेमकं काय झालं होतं?"

बत्तीस वर्षांत त्यानं त्यांना असं समोर बसून काही विचारलं नव्हतं. उमाबाईंनी सगळं सांगितलं, गच्चीवरचंही. "तू जगावास म्हणून दिलं रे तुला," त्या म्हणाल्या. त्यांना वाटलं, तो काहीतरी बोलेल. तो उठला आणि पोरीला उचलून घेऊन आतल्या खोलीत गेला.

तिसऱ्या दिवशी त्यानं लातूरचं तिकीट आणून त्यांच्यापुढं ठेवलं. "तुम्ही जा आता. आईला बोलावून घेतलंय मी. तुम्हा दोघींच्या भरवशावर पोरीला टाकून मला बँकेत बसवत नाही." तो वाईट माणूस नव्हता. घाबरला होता.

गाडीत लोहा गाव येईपर्यंत उमाबाई खिडकीबाहेर बघत बसल्या आणि नंतर काय दिसलं ते त्यांना आठवत नव्हतं. घरी त्यांचे यजमान रेवणसिद्ध चिठ्ठी बघून म्हणाले, "ह्या वयात कशाला असल्या गोळ्या?" तरी उमाबाईंनी घेतल्या. महिन्याभरात पहाटेची झोप परत आली. डोकं निवळलं, आणि निवळलेल्या डोक्याला मागची सगळी वर्षं स्वच्छ दिसायला लागली. अमरेशचं पहिलं पाऊल, त्याचा शाळेचा पहिला दिवस, गोवर निघाला तेव्हाचा त्याचा ताप. प्रत्येक ठिकाणी साखराबाई होत्या. ते दिसत नव्हतं तेव्हा निदान दुखत नव्हतं.

मंजुश्रीला त्या रोज फोन करायच्या. चौथ्या आठवड्यात ती म्हणाली, "आज मी न्हाऊ घातलं तिला, आई. भीती वाटली, पण घातलं." त्या दिवशी उमाबाईंनी पोटभर जेवण केलं. पुढच्या आठवड्यात मात्र सुनेचा आवाज पुन्हा खोल गेला. मग फोन साखराबाईंनीच घेतला.

"त्या गोळ्या म्या बंद केल्या. दुधातनं लेकराच्या अंगात जात्याल. आपल्या घरात कुणी खाल्ल्यात का येड्याच्या गोळ्या?"

"अक्का, दुधाला काई हुत न्हाई म्हणल्यात डॉक्टरीणबाई. मधीच तोडू नका. पाया पडते तुमच्या."

"तू मला सांगू नगंस, उमा. चार लेकरं वाढवलीत म्या. त्यातलं एक तुझं हाय."

उमाबाईंनी फोन ठेवला. अमरेशला फोन केला तर तो म्हणाला, "आईला कळतं सगळं. तुम्ही काळजी करू नका."

पंधरवड्यानं कळलं, मंजुश्रीला देगलूरला माहेरी धाडलं. विश्रांती मिळावी म्हणून. पोरगी नांदेडलाच, साखराबाईंजवळ, वरच्या दुधावर.

उमाबाईंनी नवऱ्याला सांगितलं तर ते म्हणाले, "गिऱ्हाईक हाय, संध्याकाळी बघू." त्या संध्याकाळपर्यंत थांबल्या नाहीत.

देगलूरला मंजुश्रीचे वडील बसलिंगप्पा दारातच भेटले. "झोपूनच असती सारखी," ते म्हणाले. "आम्ही बी उठवत न्हाई." आतल्या खोलीत मंजुश्री कुशीवर पडली होती. केसांच्या जटा झाल्या होत्या.

"चल, आपण डॉक्टरीणबाईकडं जाऊ," उमाबाई म्हणाल्या. "परत सुरू करू गोळ्या. तुला गुण येत होता."

"नको आई. पोरगी तिथं चांगली आहे. माझं दूधही आटलं."

"पोरगी चांगली असंल. तू न्हाईस."

"माझं काय," मंजुश्री म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

उमाबाईंना सांगायचं होतं की हे औषधाविना सोडलं तर काय होतं. काही होत नाही. माणूस उठतं, रांधतं, सणवार करतं, आणि लेकरू दुसऱ्याचं होऊन जातं. पण हे त्या पडलेल्या पोरीला कसं सांगावं? त्यांनी नुसता तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं तो झटकला नाही, आणि जवळही घेतला नाही.

उन्हं कलल्यावर बसलिंगप्पा दारात येऊन म्हणाले, "विहीणबाई, लातूरची शेवटची गाडी हाय आता."

"जाऊ द्या गाडी. मी हितंच राहते," उमाबाई म्हणाल्या.

ते घुटमळले आणि निघून गेले. मंजुश्रीचे डोळे मिटलेले होते, पण ती झोपलेली नाही, हे उमाबाईंना तिच्या श्वासावरून कळत होतं.