ढगोबाच्या केसांचा चेंडू

मित्रांनो, मी एक जुनी स्टीलची फणी आहे. माणसांच्या केसांशी माझा संबंध नाही. मला ढगोबा नावाच्या एका बोक्यासाठी आणले गेले. माझी गोष्ट मिरवण्यासारखी नाही. तरी सांगते, कारण तुमच्यापैकी कुणाच्या घरी मांजर असेल.

कारखान्यात माझा प्रत्येक दाता टोकाशी घासून गोल केला होता, कातडीला ओरखडा पडू नये म्हणून. दुकानातल्या खिळ्यावर मी बरेच दिवस लटकले. मग घरी शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी मला आपल्या दहा वर्षांच्या मुलीसाठी घेतले. "मांजर तुझं, तर त्याचे केसही तुझेच," असे त्यांनी बजावले. शिवायला आलेल्या कपड्यांवर केस दिसले की गिऱ्हाइके नाक मुरडत.

मांजर स्वतःला चाटते तेव्हा गळालेले केस पोटात जातात. ते पचत नाहीत. बरेचसे विष्ठेतून निघून जातात. उरलेल्यांचा गोळा होतो आणि मांजर तो ओकून टाकते. मी येण्याआधी लांब केसांचा ढगोबा दर आठवड्याला असा एक गोळा टाकायचा, तोही नेमका धुतलेल्या पायपुसण्यावर. मुलगी शाळेतून आली की मला हातात घेऊ लागली आणि महिन्याभरात गोळे जवळजवळ थांबले. तिचा मामा आला की म्हणायचा, "ताई, ही फणी नाही, कापणीचं यंत्र आहे! या बोक्यातून वर्षाला एक रजई निघेल." ते ऐकून मी फुगून जायचे.

त्या फुगण्यातच माझे चुकले. "केस टाकतेस कशाला?" मामा एकदा मुलीला म्हणाला. "चेंडू कर. त्याचाच माल, त्याचाच खेळ!" मुलीने माझ्या दात्यांतले केस ओले करून तळहातावर वळले. ते सुटू नयेत म्हणून आईचा शिलाईचा दोरा वर गुंडाळला आणि हातभर शेपूट मोकळे सोडले. ढगोबा त्या शेपटामागे वेडा झाला. आई कपडे पोचवायला गेली होती; मामा आणि मुलगी हसत सुटले. मला तर वाटले, हा चेंडू म्हणजे माझेच लेकरू.

पुढे मुलीची परीक्षा आली आणि मी खिडकीत पडून राहिले. एका दुपारी आई मशीनवर बसली होती, तेव्हा ढगोबा चेंडू चावू लागला. मांजराच्या जिभेवर घशाकडे वळलेले बारीक काटे असतात. त्यांत अडकलेली वस्तू थुंकणे कठीण, ती आतच सरकते. आधी चेंडू गेला, मग शेपूट. मी पाहत होते.

दुसऱ्या दिवशी तो पाठ वाकवून उमासे देऊ लागला. नुसता फेस आला.

"गोळा आहे केसांचा," आई म्हणाली. "विंचरलंस का त्याला? नाही ना? मग! टाकेल उद्या."

उद्या आला. ढगोबाने जेवणाकडे पाहिले नाही. त्याचा शी-शूचा मातीचा ट्रे कोरडा राहिला. मुलगी सोफ्याखाली, कपाटामागे हात घालून काही शोधत होती. आईने विचारले तेव्हा "खोडरबर," म्हणाली.

त्याच्या पुढच्या दिवशी त्याला दवाखान्यात नेले. मुलीने मलाही पिशवीत टाकले. डॉक्टरबाईंनी त्याचे पोट हलक्या हाताने चाचपले.

"दोरा, रबर, रिबीन, असं काही गिळलंय का?"

"छे हो, केसांचा गोळाच. माझा दोरा कायम डब्यात असतो."

"बरं. आज औषध देते. उद्या पाहू."

मित्रांनो, मला दाते आहेत, जीभ नाही. मुलीला जीभ होती. पण ती पिशवीत हात घालून बोटांची टोके माझ्या दात्यांवर दाबत राहिली. आईने ढगोबाला उचलले. मायलेकी दारापर्यंत पोहोचल्या.

"डॉक्टर, चेंडू सापडत नाहीये."

"कसला चेंडू?"

"त्याच्याच केसांचा. मी केला होता. आईचा दोरा लावून. एवढा." मुलीने हात लांब केला.

आईने ओरडायला तोंड उघडले. "ते घरी," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आधी पोटाचा एक्स-रे काढू. बहुतेक पोट उघडावं लागेल."

शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरबाई बाहेर आल्या. "चेंडू पोटात अडकला, शेपूट आतड्यात गेलं. आतडं पुढे सरकू पाहतं, दोरा सरकत नाही. मग आतडं त्या दोऱ्यावर..."

"चुण्या पडतात," आई हळूच म्हणाली. रोज दोरा ओढून फ्रॉकांना चुण्या पाडणारी ती बाई होती.

"हो. चुण्याच. आणखी एक दिवस गेला असता, तर दोऱ्याने आतडं कापलं असतं."

"आणि मी गोळा, गोळा करत बसले," आई म्हणाली.

ढगोबा वाचला. त्याच्या पोटावरचे केस अजून पुरते आलेले नाहीत. मुलगी मला त्या जागेपासून दूर फिरवते. तो डोळे मिटून माझ्या दात्यांवर गाल घासतो, घुरघुरतो. त्याला काही माहीत नाही. मला मेल्याहून मेल्यासारखे होते.

मित्रांनो, तुमच्या मांजराला रोज विंचरा. निघालेले केस झाकणाच्या डब्यात टाका, त्यांची खेळणी करू नका. दोरा त्याच्यासमोर सोडू नका. मांजर उमासे देते, काही निघत नाही आणि जेवतही नाही, तर घरी अंदाज बांधत बसू नका. आणि तुम्हाला काही ठाऊक असेल, तर पहिल्यांदा विचारतील तेव्हाच सांगा. ओरडा बसेल. मुलीला त्या संध्याकाळी चांगलाच बसला. तो ऐकता ऐकता ती रडली, आणि दोन दिवसांत पहिल्यांदाच तिने आईकडे जेवायला मागितले.