आठ शेजारी

नकाशा फळ्यावर टांगला तेव्हा खोकरमाळच्या शाळेतली कुजबुज थांबली. डोंगराचा हिरवा, माळाचा पिवळट, शेतांचा तपकिरी आणि मधून वळणं घेत गेलेली ओढ्याची निळी रेघ. पाणलोट समितीचे अध्यक्ष सहादेवतात्या दोन पावलं मागं सरकले, डोळे बारीक करून बघत राहिले.

"आमचं गाव एवढं देखनं हाय, हे आमाला कुनी सांगितलंच न्हवतं म्याडम," ते म्हणाले. "आता पोरींना सोयरीक यायची हितं."

सगळे हसले. माधुरी शिंदेही हसली. पुण्याच्या एका संस्थेत ती उपग्रहाच्या चित्रांवरून जंगलांचे आणि माळरानांचे नकाशे तयार करायची. घोडेगावच्या दक्षिणेकडच्या डोंगरपट्ट्याचं हे काम तिनं एकटीनं केलं होतं. कोपऱ्यात तिची सही होती आणि सहीखाली वर्ष, १९९६.

नकाशा नुसता बघण्यासाठी नव्हता. समितीनं एक नियम ठरवला होता. नकाशात जिथं झुडपी जंगल दिसेल तिथं चर खणायचे, झाडं लावायची, आणि पुढं तिथं ना गुरं सोडायची ना नांगर घालायचा. जिथं शेत दिसेल ते शेत तसंच ठेवायचं. ज्यांच्या नावावर सातबारा होता त्यांना या नियमाची काळजी नव्हती. ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीतली काही घरं मात्र बापजाद्यांपासून गायरानाचे तुकडे कसत होती. तलाठ्याच्या दप्तरात त्यांचं रान नव्हतंच. ते शेत आहे असं सांगणारं, या नकाशाशिवाय दुसरं काही नव्हतं.

सभा चार वाजता होती. मजूर ठरलेले होते, सोमवारी नारळ फुटायचा होता.

शाळेच्या विजयमालाबाई म्हणाल्या, "सभेला वेळ आहे अजून. तोवर पोरांना जरा समजावून सांगाल का, आभाळातनं गाव कसं दिसतं ते? मी सांगायला गेले तर मलाच प्रश्न पडतात."

माधुरीला मुलांना शिकवायला आवडायचं. तिनं खेळासाठी आणलेली फक्की मागून घेतली आणि पटांगणात मोठमोठे चौकोन आखले. एकेका चौकोनात एकेक मूल उभं केलं.

"हा आपला गाव. पिंपळाकडं डोंगर, इकडं रस्ता, आणि हा मधनं ओढा. आपापलं घर, रान जिकडं असेल तिकडच्या चौकोनात उभे राहा. आता ऐका. उपग्रह फार उंचावर असतो. त्याला माणूस दिसत नाही, बैल दिसत नाही."

"म्हैस बाई?" ओमनं विचारलं.

"म्हैसही नाही."

"आमची लई मोठी हाय वो बाई!"

"तुझ्याएवढी का रं?" मागून कुणीतरी ओरडलं आणि पटांगण हसलं.

"हे पटांगण आहे ना, एवढा त्याचा एक चौकोन," माधुरी सांगत राहिली. "त्या अख्ख्या चौकोनाला तो एकच रंग देतो. तुमच्या चौकोनात जे जास्त असेल ते मोठ्यानं सांगा. जंगल, माळ, की शेत?"

मुलांनी एकामागून एक आरोळ्या दिल्या. डोंगराच्या बाजूनं जंगल, जंगल. रस्त्याच्या बाजूनं शेत, शेत. ओढ्याच्या पलीकडून पहिल्यांदा जंगल, मग जंगल, आणि मग एक बारीक, ठाम आवाज आला.

"शेत! आमची जवारी."

ती सायली होती. चौथीतली, दोन वेण्या लाल रिबिनीनं वर बांधलेल्या.

"छान," माधुरी म्हणाली. "आता दुसरी पायरी. यंत्र कधीकधी चुकतं. जंगलातल्या एखाद्या खडकाला शेत म्हणून बसतं. मग नकाशाभर मीठ सांडल्यासारखे ठिपके दिसतात. ते ठिपके काढायला एक नियम असतो. प्रत्येकाला किती शेजारी आहेत? पुढचे, मागचे, बाजूचे आणि चार कोपऱ्यांतले?"

"आठ!"

"बरोबर. त्या आठांतले पाच किंवा जास्त जण तुमच्यापेक्षा वेगळं पण सगळे एकच म्हणत असतील, तर तुम्हीही आपलं सोडायचं आणि ते म्हणतात तेच म्हणायचं. चला, बघा शेजाऱ्यांकडं."

मुलं गर्रकन फिरून बघू लागली. सायलीनं प्रत्येक शेजाऱ्याकडं वळून बघितलं, बोटांवर मोजलं. नियम तिला नीट कळला होता. ती ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "जंगल!"

"शाब्बास!" माधुरी म्हणाली.

"सायले, तुमचं रान गेलं गं!" ओम ओरडला. "आता जवारीची भाकर न्हाई, बाभळीचा पाला खा!"

सगळी मुलं खिदळली. सायलीही तोंडावर हात ठेवून हसली.

माधुरीच्या हातातला फक्कीचा डबा तसाच राहिला. शाब्बास हा शब्द तिच्या तोंडून निघून गेला होता, तो आता परत घेता येत नव्हता. ती सायलीजवळ गेली.

"तुमचं रान खरंच आहे तिथं?"

"व्हय. आजीनं मागल्या पंधरवड्यात पेरलं. आमच्या शेजारी साळव्यांचं, त्येच्या पल्याड भालेरावांचं. लहान लहान हायेत, पर हायेत."

माधुरी आत वर्गात गेली. नकाशासमोर उभी राहिली. ओढ्याच्या पलीकडं डोंगरापर्यंत अखंड, नितळ हिरवा रंग होता. एकही ठिपका नव्हता. पुण्यात साहेबांनी याच कामाचं कौतुक केलं होतं. किती स्वच्छ नकाशा, म्हणाले होते.

ठिपके होते. उपग्रहाच्या चित्रात जिवंत हिरवळ लाल उमटते; जानेवारीच्या चित्रात गवत वाळलेलं आणि उभी ज्वारी तेवढी लाल उठून दिसत होती, तेव्हा ओढ्याकाठी तुरळक लाल चौकोन तिनं स्वतः पाहिले होते. एक एकर रान म्हणजे उपग्रहाचे जेमतेम तीन चौकोन. ते ज्वारीचे असतील की बाभळीचे, हे पुण्यात बसून कळणं शक्य नव्हतं. त्यासाठीच तर नकाशा करणाऱ्याला जागेवर जाऊन बघावं लागतं. ती फेब्रुवारीत आलीही होती. जीप ओढ्यावरच्या मोरीवर, त्या बुटक्या पुलावर थांबली होती, पलीकडं वस्तीचा निळा झेंडा दिसत होता, चालत गेलं तर पाच मिनिटांची वाट.

ती गेली नव्हती.

त्याच सकाळी तात्यांच्या घरी चहा झाला होता. तात्यांच्या मंडळींनी तिचं आडनाव ऐकून म्हटलं होतं, "शिंदे म्हंजे आपल्यातल्याच की. मग दुपारी जेवायलाच या, चुलीपाशीच बसू." माधुरी काही बोलली नव्हती. श्रीगोंद्याच्या साखर कारखान्यात तिचे वडील कामाला होते, घरात बुद्धाची तसबीर होती, आणि तिची मावशी इथून दोन गावं पलीकडं दिलेली होती. वस्तीत पाऊल टाकलं असतं तर गाव विचारलं गेलं असतं, आईचं माहेर विचारलं गेलं असतं, आणि दोन वाक्यांत ओळख निघाली असती. ड्रायव्हर सोबत होता. जेवणाच्या आधी ते तात्यांच्या घरी पोचलं असतं. तिनं मोरीवरूनच पलीकडं पाहिलं, तपासणीच्या कागदावर 'बाभळी' असं लिहिलं आणि जीप वळवायला सांगितली. त्या दुपारी चुलीपाशी बसून ती पोटभर जेवली होती.

बाहेर सतरंज्या अंथरल्याचा आवाज आला.

सभेत माणसं बरीच जमली. वस्तीतले लोक दाराशी, व्हरांड्याच्या कडेला उभे होते. तात्यांनी दोन शब्द बोलून माधुरीला पुढं बोलावलं. ती उभी राहिली. चूक पुण्याला जाऊन गुपचूप दुरुस्त करता आली असती, तर तिनं तेच केलं असतं. पण दुरुस्त नकाशा यायला आठवडे लागले असते, आणि चर सोमवारी सुरू होणार होते.

"नकाशात ओढ्याच्या भागात थोडी सुधारणा अपेक्षित आहे," ती म्हणाली. "लहान क्षेत्रांचं वर्गीकरण पुन्हा तपासावं लागेल."

कुणालाच काही कळलं नाही. तात्यांनी टाळी वाजवली, म्हणून बाकीच्यांनीही वाजवली.

दाराशी उभ्या असलेल्या एका बाईनं हात वर केला. पन्नाशी ओलांडलेली, पदर कमरेला खोचलेला. ती सायलीची आजी भिमाबाई होती.

"आमचं रान कोन्त्या रंगात हाय, तेवढं दावा."

"दावा की म्याडम," तात्या म्हणाले. "भिमाबाय, पुढं ये. नीट बघ तुझं रान आभाळातनं."

भिमाबाई पुढं आल्या. माधुरीनं ओढ्यापलीकडच्या हिरव्या रंगावर बोट ठेवलं.

"हिरवं म्हंजे?"

"जंगल."

"जंगल कसं? तिथं माझी जवारी वर आलीया."

"यंत्रामुळं झालं, मावशी. बारीक तुकडे यंत्रात पुसले जातात."

भिमाबाईंनी नकाशाभर नजर फिरवली. "अन् बाकीच्यांचं कसं न्हाई पुसलं? आमचंच बरं सापडलं तुमच्या यंत्राला."

"तुमची रानं लहान आहेत म्हणून. पण..." माधुरी थांबली. "पण जागेवर येऊन बघितलं असतं तर कळलं असतं. मी आले नाही."

"का बरं?"

तात्या मध्ये पडले. "अगं, ऊन काय कमी हुतं का त्या टायमाला? शहरातलं लेकरू ते. आन् आमच्याकडं जेवान खोळंबलं हुतं. माझीच चुकी म्हना."

तात्या चांगल्या मनानं बोलत होते. सगळ्यांनी माना हलवल्या. माधुरीनं नुसतं हो म्हटलं असतं तरी ते तिथंच मिटलं असतं. तिची नजर खिडकीकडं गेली. बाहेर गजांना धरून मुलं आत बघत होती.

"ऊन नव्हतं, तात्या. फेब्रुवारी होता." तिचा आवाज इतका खाली गेला की मागचे लोक पुढं सरकले. "मी बौद्ध आहे. वस्तीत गेले असते तर ओळख निघाली असती. आणि तुमच्या घरी जेवायला बसायचं होतं. म्हणून मी मोरीवरूनच परत फिरले, आणि न बघताच बाभळी लिहून दिलं."

तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"आमी तुमाला कवा इचारलं हुतं का, तुमी कोन म्हून?"

"काकूंनी आपल्यातल्याच म्हटलं होतं. मी गप्प बसले."

तात्यांनी बायकांत बसलेल्या आपल्या मंडळींकडं पाहिलं. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत होत्या.

"मंग सोमवारचं काय?" मागून एकजण चिडून म्हणाला. "पावसापासनं वाट बघतोय आमी. आता पुन्यातल्या माणसाच्या मर्जीनं काम थांबायचं व्हय?"

माधुरीनं लाल पेन्सिल घेतली. ओढ्यापलीकडचा सगळा पट्टा तिनं वेढला, आत ठळक अक्षरांत 'न तपासलेले' असं लिहिलं, आणि कोपऱ्यातल्या सहीवर आडवी रेघ मारली. त्या नितळ कागदावर ती रेघ ओबडधोबड दिसत होती.

"एवढा भाग माझ्या सहीनं ग्राह्य धरू नका," ती म्हणाली. "मी संस्थेला तसं लेखी कळवते. कारणही लिहिते."

तात्या उठले. तिच्याकडं न बघता समितीच्या लोकांना म्हणाले, "वरच्या अंगानं सुरुवात करा. ओढ्याकडं मोजून झाल्याबिगर कुदळ लावायची न्हाई. सभा झाली." आणि ते निघून गेले. जाताना एरवीसारखं त्यांनी तिला घरी चला म्हटलं नाही.

विजयमालाबाईंनी माधुरीला मोजणीची लांब टेप काढून दिली. सतरंज्या उचलायला लागलेल्या माणसांमधून माधुरी बाहेर आली, तेव्हा भिमाबाई ओढ्याच्या वाटेला लागल्या होत्या. ती मागोमाग गेली. मोरी ओलांडली. वस्तीतल्या दोघीतिघी दारात उभ्या होत्या, त्यांच्यापर्यंत बातमी आधीच पोचली होती. माधुरीनं हात जोडून जयभीम म्हटलं. एकीनं उत्तर दिलं, बाकीच्या नुसत्या बघत राहिल्या.

रानाच्या कडेला भिमाबाई थांबल्या. ज्वारीचे कोवळे पोपटी कोंब सरळ ओळींत उगवले होते.

"गाव कोन्तं तुझं?"

"श्रीगोंद्याजवळचं. वडील कारखान्यात आहेत."

"रान हाय?"

"नाही. आजोबांचं होतं थोडं. गायरानातलंच. ते गेलं."

भिमाबाईंनी पहिल्यांदा तिच्या तोंडाकडं नीट बघितलं.

"मंग तुला तर आमच्याही आदी कळायला पायजे हुतं," त्या म्हणाल्या.

उत्तराची वाट त्यांनी पाहिली नाही. त्यांनी तिच्या हातातून टेपचं टोक घेतलं आणि कोंब न तुडवता बांधाबांधानं पलीकडच्या कोपऱ्याकडं चालायला लागल्या.