शेंड्याचा मान

बँकेत कच्च्या नोकरीवर असलेल्या वार्सिनीचा हिशेब सरळ होता. गल्लीतल्या बायकांची पुंजी ठेवीतून काढून बँकेच्या मालकाच्या रोख्यांत वळवली, की तिची नोकरी पक्की आणि ईदला जादा पगार. बायकांना व्याजही जास्त. कोणाचंच नुकसान नाही, असं मॅनेजरने सांगितलं होतं. सांगताना तो खिडकीबाहेर बघत होता, हे तिने खर्चाच्या बाजूला मांडलंच नाही.

इंडोनेशियाचा रुपिया रोज घसरत होता, बँक बुडायच्या बेतात होती. शुक्रवारी टीव्हीवर मंत्री म्हणाले, बँक सरकार वाचवणार, एकही ठेव बुडणार नाही. सेमारांगच्या त्या गल्लीने लगेच आभाराचं जेवण ठरवलं. संध्याकाळी वार्सिनी परतली, तर चटयांच्या मधोमध पिवळ्या भाताचा उंच शंकू, कडेने कोंबडी आणि तळलेलं सोयाबीनचं तेंपे.

"आली गं आपली अर्थमंत्री!" बू तुकिनेम ओरडली. गल्लीची ती बू, म्हणजे मावशी; दारोदार काढे विकायची. लेकीच्या पोटात बाळ आडवं होतं, डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं. त्याचेच पैसे तिने बँकेत ठेवले होते.

"बू, जरा ऐका ना..."

"आधी जेव. बँक वाचली, तू का उपाशी मरतेस?"

बायका हसल्या. दुआ झाली. तुकिनेमने शंकूचा शेंडा अलगद कापला. तो मान थोरांचा, नाहीतर ज्याचे उपकार झाले त्याचा. केळीच्या पानावर घेऊन तिने तो वार्सिनीपुढे धरला.

वार्सिनीने हात पुढे केला नाही. "सरकार ठेवी देणार, बू. रोखे नाही. तुमचे सगळ्यांचे रोखे आहेत. मला दुपारी कळलं."

"पण कागदावर शिक्का बँकेचाच आहे की गं."

"तो मीच मारला. पैसे मालकाकडे गेले. मालक सिंगापूरला."

तुकिनेम पान धरून तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "धर बाई. हात दुखतोय माझा."

दुआ झालेला शेंडा परत ठेवता येत नाही. वार्सिनीने तो सगळ्यांदेखत खाल्ला, शेवटच्या शितापर्यंत.

सरकारने बँकेची तूट भरली. बँकेने वार्सिनीला पक्कं केलं. मालकाने काही दिलं नाही. तुकिनेमच्या लेकीचं बाळंतपण घरीच झालं. बाळ वाचलं, लेक गेली. तिच्या सातव्याच्या जेवणाला वार्सिनी पैशांचं पाकीट घेऊन दारात उभी होती. तुकिनेमने तिला बसायला जागा केली, पाकीट घेतलं नाही. त्या दिवशीच्या भाताचे पैसेही तुकिनेमनेच दिले.