दुपारचे फोन

मास्तर सतरंजीवर सपशेल पालथे पडले होते आणि एक हात वर करून बजावत होते, की कोणीही मदतीला यायचं नाही. भोवती खुर्च्यांवर बसलेली म्हातारी मंडळी मुरलेल्या गिऱ्हाइकानं तराजूकडे पाहावं तशी त्यांच्याकडे पाहत होती. मास्तर कुशीवर वळले, कोपरावर रेलले, गुडघ्यांवर आले आणि खुर्चीला धरून उभे राहिले.

"घाई नाही, आरडाओरडा नाही. आधी कुठं दुखतंय ते बघायचं, मग असं उठायचं. आता सांगा, या आठवड्यात कोण कोण पडलं?"

हात वर गेले. लाजत नाही, तर बक्षीस लागल्यासारखे.

दाराशी उभ्या असलेल्या बाईंनी ते हात पाहिले आणि नाकावरचा चष्मा वर सरकवला. आरोग्य खात्यात त्यांना पाठीमागे सगळे कात्री म्हणत, आणि हे त्यांना ठाऊक होतं. एखाद्या योजनेवर किती खर्च होतो आणि त्या पैशात लोकांच्या हाती नेमकं काय लागतं, हे तपासणं त्यांचं काम. खर्च मोठा आणि फळ लहान दिसलं की योजना कापली जाई. मात्र कापण्यापूर्वी ती एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची, असा त्यांचा नेम होता. वरिष्ठांना यात वेळेची नासाडी दिसे, म्हणून अशा फेऱ्यांसाठी त्या मुकाट्यानं आपली रजा खर्ची घालत. चैन म्हणून त्यांना एवढी एकच परवडत होती.

वर्ग इस्पितळाच्या जुन्या भोजनगृहात भरत असे. म्हाताऱ्यांनी तोल कसा सांभाळावा, पाय कुठं टाकावा, आणि तरीही पडलंच तर काय करावं, हे तिथं शिकवलं जाई. तुलनेला नदीपलीकडचा भाग घेतला होता, जिथं असा वर्ग नव्हता. दोन वर्षांनी आकडे जुळवले तेव्हा असं निघालं, की वर्गातली माणसं पलीकडच्यांपेक्षा दुपटीनं पडतात. समितीतल्या एका गृहस्थांनी सुचवलं होतं, की वर्ग बंद करून बघू, कदाचित मंडळी आपोआप उभी राहतील. अहवाल टाइप होऊन तयार होता. शुक्रवारी तो समितीपुढे गेला, की वर्गाला कुलूप.

चहाची वेळ झाली तेव्हा मास्तर स्वतःच त्यांच्याजवळ आले. शिक्षणानं ते फिजिओथेरपिस्ट, पण ते नाव कोणाच्या जिभेवर बसलं नव्हतं.

"तुमचा निकाल कानावर आलाय. माझी माणसं पडतात, कबूल. पण मोडत नाहीत."

"मोडणं मोजून भागत नाही, मास्तर. खुब्याचं हाड मोडणारे मुळातच इतके थोडे, की दोघं इकडचे तिकडे झाले तरी निकाल फिरतो. पडणारे भरपूर असतात, म्हणून पडणं मोजायचं ठरलं."

"मग कापणार?"

"कापावंच लागेल."

मास्तरांनी कपातल्या चहाकडे पाहिलं. "यातले निम्मे तरी घराचा उंबरा ओलांडतात ते फक्त इथं येण्यासाठी. तेवढं कुठं मांडता येत असेल तर बघा."

शेजारच्या खुर्चीत एक निवृत्त पोस्टमन बशीत चहा ओतत बसले होते. मघाशी सर्वांत उंच हात त्यांचाच होता. काहीतरी बोलायला हवं म्हणून कात्रीबाईंनी विचारलं,

"आजोबा, कुठं पडलात?"

"न्हाणीघरात. पण काय पडलो म्हणून सांगू. हनुवटी छातीशी, हात सैल, अगदी शिकवल्याबरहुकूम. बघायला कोणी नव्हतं, एवढीच हळहळ."

"घरचे काय म्हणाले?"

आजोबांना त्यांची कीव आलेली दिसली.

"घरी कोण सांगतं? मागं एकदा सांगून बसलो, तर मुलानं खोलीतलं टेबल काढलं, पायपुसणं काढलं, आणि बाहेरच्या दाराची किल्लीही काढून घेतली. आता काढायचा राहिलोय तो मीच."

"इथं मात्र सांगता."

"इथं टाळ्या मिळतात, बाई."

कात्रीबाईंनी कप खाली ठेवला. वर्गातले आकडे वर गेलेले हात मोजून आले होते. नदीपलीकडची पाहणी मात्र फोनवरून झाली होती, आणि ते फोन संध्याकाळी करावेत ही सूचना त्यांचीच होती. कमावती, जाणती माणसं त्या वेळी घरी असतात, उत्तरं नीट देतात. तशी ती त्यांनी दिलीही. छे, आमच्याकडे कोणी पडत नाही. खात्यात इतकी समाधानकारक पाहणी पूर्वी झाली नव्हती, आणि त्याबद्दल त्यांचं कौतुकही झालं होतं.

दुसरं कोणी असतं तर चहा संपवून निघालं असतं. चूक कोणाला दिसणार नव्हती, आणि वर्ग बंद पडल्याचा जाब कात्रीला कोणी विचारला नसता. उलट बचत केली म्हणून पाठ थोपटली गेली असती. बाईंनी तिथूनच वरिष्ठांना फोन लावला.

"साहेब, शुक्रवारचा अहवाल मी देत नाही. पलीकडचे आकडे चुकलेत."

"चूक कोणाची?"

"माझी. तसं लिहून देते."

"अहो, एकदा तुमची चूक निघाली, की पुढच्या वेळी तुमचं कोण ऐकेल?"

"तेही लिहून देऊ का?"

पलीकडून मोठा सुस्कारा आला. एक आठवडा मिळाला. मदतीला माणूस मात्र मिळायचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्या रजा टाकून घरीच बसल्या आणि जेवणं उरकल्यावर, तरुण माणसं कामावर गेलेली असताना, पलीकडच्या घरांना एकेक फोन करू लागल्या. पलीकडचं म्हणजे त्यांना अलीकडचंच, कारण राहायला त्या त्याच भागात होत्या. खिडकीशी त्यांची आई सदऱ्याला बटण लावत बसली होती.

"गेल्या सहा महिन्यांत आपण पडला आहात का? हो किंवा नाही."

नाही. नाही. नाही. एका काकांनी तर, तुम्ही पडा, असं म्हणून फोन ठेवला.

"अगं, असं दरडावून विचारलंस तर मीही नाहीच म्हणेन," आई दोरा तोडत म्हणाली. "चोरीचा माल शोधायला आल्यासारखी विचारतेस."

पुढच्या आजी फोन ठेवणाऱ्यांतल्या नव्हत्या, पण उत्तरही देईनात.

"आवाजावरून तू माझ्या सुनेच्या वयाची वाटतेस. तुला मी का सांगू?"

"आजी, नाव कुठंही येणार नाही."

"ते राहू दे. तुझ्या घरात कोणी म्हातारं माणूस आहे का? त्यांना दे फोन."

हे कुठल्याच पद्धतीत बसत नव्हतं. बाईंनी क्षणभर विचार केला आणि फोन आईच्या हातात दिला.

आई आधी गुडघ्यांबद्दल बोलली. मग डोळ्यांबद्दल, मग हल्ली पायऱ्या किती उंच बांधतात त्याबद्दल. कात्रीबाईंनी दोनदा घड्याळ पाहिलं. या गतीनं गेलं तर आठवड्यात एक गल्लीही पुरी व्हायची नाही. तेवढ्यात आईनं खिडकीकडे तोंड वळवलं आणि आवाज खाली आणला. मुलगी हाताच्या अंतरावर बसली होती, तरीही.

"पडले की. दोनदा. एकदा जिन्यात आणि एकदा इथंच, या खोलीत... छे हो, पोरीला कुठलं सांगतेय. नोकरी सोडून माझ्या उशाशी बसायची. मग मी तिला सांभाळू की स्वतःला?... हं... हं... आणि तुम्ही?... चारदा? अगं बाई."

कात्रीबाईंच्या पुढ्यात पाहणीचा कागद होता. सुरुवात नमुन्यादाखल त्यांनी आपल्याच घरापासून केली होती, आणि पहिल्या ओळीतलं शून्य त्यांच्या स्वतःच्या अक्षरात होतं. आईला त्यांनी काही विचारलं नव्हतं. विचारायची गरजच वाटली नव्हती.

आईनं फोनवर तळवा ठेवला.

"चार लिही," ती खिडकीबाहेर पाहतच म्हणाली.

लेखणी हलली नाही.

"आणि वरच्या ओळीत माझे दोन. लवकर आटप, त्या थांबल्यात."