गेटच्या वाटेवरचं गवत

शाळेत वक्तृत्वाचा कप मिळाल्यापासून मी कोणाच्या बापाला घाबरत नव्हते, आणि यात माझा बापही आलाच. घरात सगळे मला 'वकीलसाहेब' म्हणायला लागले होते. बाबा तर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "हिच्या तोंडी लागू नका, घरी रडत जाल." मला ते भयंकर आवडायचं.

थंडी नुकतीच सुरू झाली होती. आमच्या घरामागे द्राक्षवेलींच्या थोड्या रांगा आहेत, बाबा आणि काका दोघांच्या मालकीच्या. राबायचं बाबांनी आणि अधूनमधून शहरातून येऊन चुका काढायच्या काकांनी, अशी वाटणी. काका थोरले. यंदा काही बिघडलं तर वेली दुसऱ्या कोणाला तरी कसायला देऊन टाकीन, हे त्यांचं पालुपद.

घराच्या दुसऱ्या अंगाला आईची भाजीची बाग. तिथे पूर्वी नुसता दगडविटांचा ढिगारा होता. आईने तो एकटीने उपसला. आता तिथे घेवडा काठ्यांवर चढलेला असतो, कांद्याच्या पाती, मटार, मधूनच कुठेतरी सूर्यफूल. 'हे इथे का लावलंस?' असं आईला कोणी विचारत नाही, अशी आमच्या अख्ख्या घरात तेवढीच जागा होती.

घडांवर मोहरीएवढे मणी धरले आणि एका सकाळी वेलींचे शेंडे वेडेवाकडे झालेले दिसले. कोवळी पानं अरुंद होऊन, मिटलेल्या पंख्यासारखी आक्रसलेली. बाबांनी एक पान हातात घेतलं आणि तिथेच मटकन बसले.

"तणनाशक," ते म्हणाले.

पाठीवर घ्यायचा फवारणीचा पंप आमच्याकडे एकच आहे. त्यातून गवत मारायचं औषध फवारलं की तो साबणाने धुवायचा, पुन्हा धुवायचा, मग तिसऱ्यांदा धुवायचा. आठवड्यापूर्वी बाबांनी त्याच पंपाने वेलींवर भुरी रोगाचं औषध मारलं होतं. पंपात आधीचं तणनाशक उरलेलं होतं, हे उघड होतं. ते कोणी ठेवलं, एवढाच प्रश्न.

दुपारी काका आले. रांगांतून फिरले, पानं खुडून खिशात घातली आणि अंगणातल्या खुर्चीत न्यायाधीशासारखे बसले.

"पंप कोणी वापरला होता?"

बाबा चपलेच्या टोकाने माती उकरत होते. "ही मारत असते तिच्या वाफ्यांना काहीबाही. धुवायचा राहिला असेल."

ही म्हणजे आई. ती चहा घेऊन दारात उभी होती. तिने कप खाली ठेवले.

"तरी मी म्हणत होतो," काका तिच्याकडे न बघता बाबांना म्हणाले, "कशाला हवेत हे भाजीचे खेळ? मंडईत पोतंभर भाजी मिळते."

आता माझ्या तोंडाला कुलूप कोण लावणार?

"काका, उठा. दाखवते तुम्हाला."

"आले वकीलसाहेब!" काका हसले, पण उठले.

मी त्यांना आधी आईच्या बागेत नेलं. वाफ्यांच्या कडेला गुडघाभर हिरवंगार गवत होतं. "आई खुरप्याने काढते. एवढं उरलंय अजून. औषध मारलं असतं तर हे असं डुललं असतं का?" मग त्यांना गेटच्या वाटेवर आणलं. आई-बाबाही मागोमाग आले. तिथलं गवत दोन्ही बाजूंनी वाळून कोळ झालेलं, आणि गेटपाशी एकदम थांबलेलं, जणू कोणी पट्टी लावून जाळलंय. "आणि हे कोणी मारलं? तुम्ही येणार म्हणून वाट साफ कोणी केली?"

माझा आवाज छान लागला होता. स्पर्धेतही इतका लागला नव्हता. मी विजयाने मागे वळून बाबांकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा नीट पाहिला. माणूस उभ्याउभ्या म्हातारा होतो, ते तेव्हा कळलं.

काकांचं हसू गेलं होतं. "काय रे?" ते हळूच म्हणाले. "तू मारलंस?"

बाबा पुन्हा चपलेच्या टोकाने माती उकरू लागले.

"वाटेवर मीच मारलं, भाऊजी," आई म्हणाली. "हे घरात नव्हते तेव्हा. पंप विसळला, पण धुतला नाही."

"आई! खोटं! तुला तर तो पंप पाठीवर उचलतसुद्धा नाही!"

"तू आत जा."

"पण मी—"

"आत जा म्हटलं ना!"

मी गेले नाही. तिथेच उभी राहून काकांचा निकाल ऐकला. वेली बाबांकडेच राहतील. भाजीची बाग मात्र मोडायची, पुढच्या हंगामात तिथे द्राक्षाची नवी रांग, नुकसानभरपाई म्हणून. आई मान हलवत होती, जणू कोणी तिला बाजारातून काय आणायचं ते सांगतंय.

काका हात धुवायला गेले तशी मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. "का केलंस असं? मी जिंकले होते!"

"हो ना. जिंकलीस." ती ताटं पुसत होती. "काका संध्याकाळी गाडीत बसून जातील. तू दोन वर्षांनी कॉलेजला जाशील. हरलेल्या माणसाबरोबर रोज या घरात मला राहायचंय."

"मग तुझी बाग?"

तिने पुसलेलंच ताट पुन्हा पुसलं.

आम्ही जेवायला बसलो. काकांनी आणखी भात मागून घेतला. त्याने बाबांना धीर आला असावा. ते खाकरले आणि आईकडे पाहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, अगदी प्रेमाने म्हणाले, "जाऊ दे गं. चुका माणसाच्या हातूनच होतात. माझ्या मनात काही नाही."

मी आईकडे पाहिलं. एक शब्द, फक्त एक शब्द, म्हणून वाट पाहत राहिले.

"बरं," आई म्हणाली, आणि त्यांना वाढायला उठली.