प्रयोगशाळेचा फोटो

विनयाबाई मूळच्या सांगलीच्या. नवरा प्रसन्न लखनौच्या मानक नगरला रेल्वेत इंजिनिअर, म्हणून त्या तिथे आल्या आणि एका खासगी शाळेत नववीला विज्ञान शिकवू लागल्या. साल असेल २००९. प्रोजेक्ट दिला की पोरं सायबर कॅफेत जायची, तिथला भैया नेटवरून छापून द्यायचा, वर चमकी चिकटवली की झालं! बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी नवाच प्रोजेक्ट आखला. आपल्या परिसराबद्दल इंटरनेटवर असलेली एक गोष्ट निवडायची आणि ती खरी की खोटी, हे स्वतः जाऊन बघायचं.

कुणी चिनहटच्या कुंभारांकडे गेलं, कुणी विकास नगरच्या बाजारात. विनीता नावाच्या मुलीनं मात्र शाळेचीच वेबसाइट उघडली. तिथली चकचकीत प्रयोगशाळा तिला डेहराडूनच्या एका शाळेच्या वेबसाइटवरही सापडली. तोच फोटो, तेच टेबल! पठ्ठीनं दोन्ही फोटो फाइलीत लावले आणि शेजारी आपल्या शाळेतल्या प्रयोगशाळेचं गंजलेलं कुलूप.

पालकांसाठी प्रोजेक्टचं प्रदर्शन होतं, त्या सकाळी मुख्याध्यापक सक्सेनांनी ते पाहिलं.

“फाइल हटाइए, मॅडम. लड़की को ज़ीरो दीजिए. आपके परमानेंट होने का काग़ज़ मेरी मेज़ पर है, याद रहे.”

बाईंनी घरी फोन लावला. प्रसन्न म्हणाला, “कशाला वाकड्यात शिरतेस, यार? हटव ना ती फाइल.”

“पोरीनं खरं शोधलं म्हणून शून्य? अजिबात नाही!”

बाईंनी फाइलीवर पैकीच्या पैकी मार्क घातले, लाल शाईत सही ठोकली आणि फाइल सगळ्यांत पुढच्या टेबलावर ठेवली.

पालक जमले. एका वडिलांनी फोटोवर बोट ठेवलं. “सर, यही लैब देखकर एडमिशन लिया था. कहाँ है?”

सक्सेनांच्या तोंडचं पाणी पळालं. ते कसंबसं हसले. “अरे भाईसाहब, इंटरनेट की हर बात सच थोड़े ही होती है!”

“सर,” विनयाबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “यही तो प्रोजेक्ट है.”

मग पालक हटेनात. शिपायाला किल्ली आणावीच लागली. आत मोडकी बाकं आणि धूळ.

उन्हाळ्यात तिथे खरी टेबलं आली. बाईंचा कायम होण्याचा कागद काही आला नाही. त्या शाळेतल्या आपल्या शेवटच्या तासाला त्यांनी फळ्यावर नवा प्रोजेक्ट लिहिला: शाळेचं माहितीपत्रक, पहिल्या पानापासून.